अनुयाचा वाटा वल्लरीला नाही

मी, खाली सही करणारी सुनेत्रा निशिकांत टिल्लू, धर्माने हिंदू, नागरिकत्वाने सिंगापूरकर, राहणार ईस्ट कोस्ट, ऑर्किडच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत. गुडघ्यांची कायद्याला गरज नसते, असे वकीलबाई नीता वर्तक यांनी सांगितले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारे एकच होते, माझे यजमान निशिकांत, आणि तेही चहातली साखर कमी करण्यापुरते. ते आता हयात नाहीत.

वकीलबाईंचे म्हणणे असे की, "काकू, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. कोणाला काय, एवढंच लिहा." मी म्हटले, कारण सांगितल्याशिवाय मी आजवर कोणाला वाटीभर विरजणसुद्धा दिलेले नाही. तेव्हा हे मूळ मराठीतच राहील. इंग्रजी प्रत त्या करतील, तीत हवे ते गाळोत.

कलम पहिले. या आधीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते.

का, ते सांगते. आम्हाला जुळ्या मुली झाल्या, वल्लरी आणि अनुया. दिसायला इतक्या सारख्या की शाळेतल्या बाई दोघींना एकदमच रागवायच्या, म्हणजे चूक व्हायला नको. जुळ्यांच्या घरात सगळे जोडीने घ्यायची रीत असते. दोन परकर-पोलकी, दोन चांदीच्या वाट्या, पाटल्यांचे दोन जोड. अनुया सतराव्या वर्षी डेंग्यूने गेली. जोडीने घेणे मात्र थांबले नाही. पुण्याहून साडी आली की दोन यायच्या. वाढदिवसाला औक्षण दोनदा व्हायचे. आधी वल्लरीचे, आणि मग त्याच पाटावर, तिलाच, अनुयाच्या नावाने. पोर मुकाट्याने बसायची. आणि त्याच ओघात मी मृत्युपत्रात लिहिले होते : दोन्ही मुलींचे वाटे वल्लरीला.

सहीच्या दिवशी वल्लरीने ते वाचले, पेन उचलले आणि साक्षीदाराच्या जागी स्वतःची सही ठोकली. ती बँकेत कम्प्लायन्सला आहे, तिला नियम पाठ. इथल्या बोलीतला 'लाह' शेवटी जोडून म्हणाली, "साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही, आई. आय चेक्ड, लाह."

"अगं, पण का?"

"कारण हे तू मला देतच नाहीयेस. अर्धं तिला देतेयस, माझ्या अंगावर घालून. दोघींचं मला नको. माझं असेल ते दे, नाहीतर काही देऊ नकोस."

आणि पर्स उचलून गेली. तेव्हापासून फोनवर नीट बोलते, जेवलीस का विचारते, पण घरी येत नाही. मला माझी मुलगी घरी परत हवी आहे. हे दुसरे मृत्युपत्र त्यासाठी आहे.

कलम दुसरे. यात कोणाला काही द्यायचे नाही, फक्त एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, कारण पुढचा सगळा निवाडा त्याच्या आधाराने केला आहे.

अनुया गेल्यावर मी महिन्याभरात कामावर रुजू झाले. बुओना व्हिस्टाजवळ आमची लॅब. टिश्यू कल्चर म्हणजे एका ऑर्किडच्या कोंबातून तशीच हजारो रोपे काचेच्या बाटल्यांत वाढवायची. आई एक, पाने तीच, फुले तीच, रंगात एका छटेचा फरक नाही. त्या मांडणीपुढे उभी राहून मला एके दिवशी रडू फुटले. तेराव्याला आमच्या वन्सं, अनघाताई, म्हणाल्या होत्या, "सुनेत्रा, देवाने एक नेली, पण चेहरा घरात ठेवला हो." उचलली जीभ लावली टाळ्याला! तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण उत्तर सुचले नव्हते. बाटल्यांपुढे भीती वाटली की वन्संचे खरे असले तर?

शेजारच्या टेबलावर ऑलिव्हेरो काम करायचे. सिंगापूरचे जुने युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र, घराणे, रोज सकाळी चर्चला जाऊन मग कामावर येणारा माणूस. त्यांनी कागदी रुमालांचा डबा सरकवला आणि म्हणाले, "मिसेस टिल्लू, आमच्यात एक जुना साधू होऊन गेला. त्याने याच प्रश्नावर डोके खपवले आहे."

तो साधू म्हणजे जॉन डन्स स्कॉटस. मी त्यांना जॉनबुवा म्हणते. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे, तेराव्या शतकातले. पोरवयात फ्रान्सिस्कन संन्याशांत गेले, अनवाणी पंथ, खिशात दमडी नाही. ऑक्सफर्डला शिकले, शिकवले. मग पॅरिसला. तिथे राजाचे आणि पोपचे भांडण लागले. राजा म्हणाला, माझ्या बाजूने उभे राहा. बुवा राहिले नाहीत. झाले, देशाबाहेर काढले. वर्षभराने परत आले, पुन्हा वर्गावर उभे. शेवटी जर्मनीतल्या कलोनला पाठवले आणि तिथे बेचाळिशीच्या आसपास गेले. ग्रंथ अर्धेमुर्धे राहिले, ते शिष्यांनी कसेबसे जुळवले. इतका बारीक विचार करायचे की लोकांनी सूक्ष्म पंडित अशी पदवी दिली. आणि पुढच्या शतकांतल्या शहाण्यांना तो विचार झेपेना, तर त्यांनी बुवांच्या गावाच्या नावावरून इंग्रजीत मठ्ठ माणसाला 'डन्स' हा शब्दच पाडला. जगाची रीत ती, दुसरे काय!

त्यांचे म्हणणे मला समजले ते असे. वल्लरी आणि अनुया, दोघींत काय निराळे, याची यादी करा. वल्लरी झोपेत एक पाय पांघरुणाबाहेर काढते. अनुयाला विनोद पुरा होण्याआधीच हसू यायचे. यादी हवी तितकी लांबवा. ती संपूर्ण यादी तिसऱ्याच कोणा मुलीला लागू पडू शकते. म्हणजे माणूस त्या यादीत नाही. यादीच्या पलीकडे, प्रत्येकात, असे काही आहे की ज्याच्यामुळे ही म्हणजे 'ही'. ते दुसरीला देता येत नाही, वाटता येत नाही, त्याची जोडी निघत नाही. आणि हे 'हीपण' काही उणेपणा नाही, ती त्या वस्तूची शेवटची पूर्णता आहे. मोठ्या सम्राटात आहे, तसे बाटलीतल्या रोपातही आहे.

मी संसारी बाई. लॅटिन पन्नाशीत शिकायला घेतले, निशिकांत म्हणायचे, "आधी मँडरिन शिक, भाजी तरी स्वस्त मिळेल." पण हा विचार प्रथम डोक्यात शिरला तेव्हा मी बुओना व्हिस्टाला एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फलाटावर उभी होते आणि दोन गाड्या सोडून दिल्या. माणसे उतरत होती, चढत होती, आणि प्रत्येक जण 'हा' होता, 'ही' होती. एवढे सगळे, आणि एकाचीही दुसरी प्रत नाही! माझ्या अंगावर काटा आला. देवाचा एवढा पसारा मी तोवर घाऊक भावात बघत होते.

बुवा असेही म्हणतात की हे 'हीपण' या जन्मी माणसाच्या बुद्धीला थेट दिसत नाही, ते देवाला दिसते. इथे माझे त्यांच्याशी कडाक्याचे भांडण झाले. म्हटले, बुवा, तुम्हाला लेकरे नव्हती. मी अंधारात पाळण्यात हात घालून सांगायचे, ही कोण ते. मग एकदा मुलींचा तान्हेपणीचा एक फोटो हाती आला, दोघी एका दुपट्यावर. खिडकीशी नेला, चष्मा पुसला, उलटा करून पाहिला. कोणती कोणती, मला ओळखता येईना. मी, त्यांची आई! त्या दिवशी बुवांना हात जोडले. मला दिसत नाही म्हणून त्या दोघी एक होत नाहीत. ज्याला दिसते असा कोणी आहे, एवढे पुरे.

निशिकांत निवृत्त झाल्यावर आम्ही कलोनला जाऊन त्यांची समाधी पाहिली. साधीच दगडी पेटी. नमस्कार करावा की कसे, कळेना. अंगात जाकीट होते, तरी हात आपोआप पदराकडे गेला. निशिकांत कधी देवळातही फार रेंगाळत नसत. ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सुनेत्रा, आपल्या अनुयाला ओळखणारा माणूस भेटल्यासारखं वाटतंय गं."

कलम तिसरे. ईस्ट कोस्टचा फ्लॅट मी वल्लरीला देते. पूर्ण, एका वाट्याने, तिचा म्हणून. विकायचा तर विकावा. माझ्या आठवणींसाठी ठेवू नये, मी भिंतीत राहणार नाही.

कलम चौथे. दागिन्यांपैकी पाटल्यांचा एक जोड आणि चांदीची एक वाटी वल्लरीची, ती तिला. दुसरा जोड आणि दुसरी वाटी अनुयाची, ती वल्लरीला नाही. ती मी ऋचाला देते. ऋचा अनुयाची नेटबॉलमधली मैत्रीण. वल्लरीचे आणि तिचे कधी क्षणभरही पटले नाही. अनुयाचे स्वतःचे माणूस म्हणजे हेच, जे तिच्या बहिणीचे नव्हते. ऋचा अजून तिच्या तिथीला न चुकता मेसेज करते, तिला तिथी कशी काढतात हे माहीत नसताना, कोणाला तरी विचारून.

कलम पाचवे. वन्सं अनघाताईंना, मु. पो. पुणे, एकाच कोंबातून काढलेली ऑर्किडची दोन रोपे बंद बाटलीतून पाठवावीत. परवान्याचे ऑलिव्हेरो बघतील. वन्संनी दोन्हींना वर्षभर पाणी घालावे. त्यातले एक वाळले, तर दुसऱ्याकडे बघून 'चला, हे आहे ना' असे त्यांना खरोखर म्हणता येते का, ते पाहावे. आले म्हणता, तर मी हरले. यात राग नाही. होता, तो बराचसा लिहिता लिहिता गेला. साड्या दोन पाठवायच्या ही त्यांचीही माया करायची पद्धतच होती. पण यापुढे एकच पाठवावी, आणि औक्षण एकदाच करावे.

कलम सहावे. लॅटिन कोश आणि बुवांवरची पुस्तके ऑलिव्हेरोंना. समासात मी मराठीत वाद घातलेला आहे, तो त्यांना वाचता येणार नाही, ते बरेच.

कलम सातवे. इथल्या मंडाई स्मशानभूमीतल्या दाहिनीत दहन करून अस्थी इथल्याच समुद्रात सोडाव्यात, जिथे अनुयाच्या सोडल्या. नाशिकचा हट्ट कोणी धरू नये. बुवांच्या समाधीवर लिहिले आहे की एका देशाने जन्म दिला, एकाने थारा दिला, एकाने शिकवले आणि कलोनने ठेवून घेतले. मला मिरजेने जन्म दिला, पुण्याने शिकवले, सिंगापूरने पोटाशी धरले आणि रडवलेही. ठेवूनही त्यानेच घ्यावे.

कलम आठवे. हे वल्लरीसाठी, आणि ही माझी सर्वांत मोठी इस्टेट आहे.

बुवांच्या काळी पंडित म्हणायचे, माणसाने पाप केले, बिघाड झाला, म्हणून देवाला माणूस होऊन यावे लागले. बुवा म्हणाले, छे! बिघाड झालाच नसता तरी तो आला असता. दुरुस्तीला नाही, प्रेमापोटी. प्रेम आधी, बाकी सगळे मागून. हे वाचले आणि मला तू दिसलीस. वल्लरी, तू अनुयाची भरपाई नाहीस. तुला मागे ठेवले ते माझी दुधाची तहान ताकावर भागावी म्हणून नाही. अनुया आज इथे सोफ्यावर पाय पसरून बसलेली असती, तरी मला तू इतकीच हवी होतीस. तू नसतीस, तर तुझ्या जागी अनुया चालली नसती.

कलम नववे. हे टाईप केलेले नाही. सहीच्या वेळी मी हाताने लिहिते आहे.

आज वकीलबाई आल्या, शेजारचे विश्वास गुप्ते आले आणि मी बोलावले म्हणून वल्लरीही आली. दारात चपला काढून परक्यासारखी टेबलापाशी बसली आणि वाचू लागली. आठवे कलम तिने दोनदा वाचले. विश्वास पंख्याकडे बघत होते.

मग तिने विचारले, "आई, अनुयाचं ते कार्ड कुठेय? शाळेचं, एमआरटीचं. फोटोवालं."

मी म्हटले, "असेल कपाटात. ते कशाला? बंद पडलं असेल ते."

"त्यातला फोटो तिचा आहे ना. माझ्यासारखा दिसतो, पण तिचा आहे." एवढे म्हणाली आणि तिचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. "मला तिची आठवण येते गं. मला कुणी कधी रडूच दिलं नाही. सगळ्यांना मी म्हणजे तीच वाटायचे. मग मी रडणार कुणासाठी?"

माझ्या लेकीने बहिणीसाठी आज पहिल्यांदा रडून घेतले, माझ्या मांडीवर, दोन परक्या माणसांसमोर. वकीलबाई सही घ्यायच्या थांबल्या.

सबब, चौथ्या कलमाला एक अपवाद करून, माझी मुलगी अनुया हिचे फोटो असलेले शाळेचे कार्ड मी तिच्या बहिणीला देते.

लिहून देणार : सुनेत्रा निशिकांत टिल्लू

आम्हा दोघांच्या देखत आणि पूर्ण शुद्धीत सही केली, आम्हीही एकमेकांसमोर केली. आम्हाला यातले काही मिळणार नाही :
१. विश्वास गुप्ते, शेजारी
२. नीता वर्तक, वकील

ठिकाण : ईस्ट कोस्ट, सिंगापूर
तारीख : ८ नोव्हेंबर २०२५