भिंतीकडे तोंड केलेले दगड

कामरगाव, बुधवार, १२ मार्च १९७५

विहिरीच्या काठावर गावाचं धुणं चालतं आणि साबणाचं पाणी परत विहिरीतच झिरपतं. म्हणून ग्रामसेवक झाल्यावर मी ओढ्याच्या खालच्या अंगाला धुण्याची वेगळी जागा बांधून घेतली. पण एक बाई तिकडे फिरकेल तर शपथ! सभा घेतली, रोगराई समजावली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीवर. त्यात माझी बायको सुमनसुद्धा!

परवा जेवताना चिडून तिला विचारलं, "तू तरी काहून जात नाहीस तिकडं?"

"सारे दगड भिंतीकडं तोंड करून मांडले तुमी. बाईनं का भिंतीसंग बोलावं?"

बांधताना उतार मोजला, नाली मोजली. बायका समोरासमोर बसून, बोलत धुतात, हे रोज बघूनही मला दिसलं नाही?

काल गवंड्याला घेऊन सगळे दगड फिरवले. आज सकाळी विहिरीवर गेलो तर काठ कोरडा ठाक! काम कशामुळे झालं, असं तालुक्याचे साहेब विचारतील. त्यांना काय सांगू, दगड फिरवले म्हणून?

ओढ्याकडून बायांचं हसणं घरापर्यंत ऐकू येत होतं; सुमन दुपार टळल्यावर धुणं घेऊन आली. हसून हसून डोळ्यांत पाणी.

"साऱ्या कायले एवढ्या हसून राह्यल्या होत्या?"

"तुमालेच."

हसा बायांनो. रोज हसा मला. फक्त तिथं बसून हसा.