मुठीतले दाणे सुटेनात

मु. अनसिंग, तालुका वाशीम, जिल्हा अकोला
माघ महिना, सन १९२९

राजमान्य राजेश्री जगदेवराव, मुक्काम मुंबई, यांस अनसिंगच्या पुंजाजीचा सप्रेम रामराम. पत्रास कारण आहे, पण ते शेवटी येईल. (शेवटचं पान आधी वाचायची तुझी शाळेपासूनची खोड आहे. या खेपेस कृपा करून आवर.) खोकला कसा आहे? ओवा चाव म्हणून लिहिलं होतं, तो चावलास की नुसता वाचलास? इकडे तुरीची मळणी झाली, बैल ठणठणीत आहेत, म्हैस माझ्यावर नाराज आहे. माणसांचं क्षेम पुढे कळवतो, कारण माणसांच्या बाबतीत जरा इकडचं तिकडे झालं आहे. मास्तरांनी छडीनं शिकवलेली शुद्ध भाषा मुंबईला जायच्या पत्रात वापरतो आहे. मधेच वऱ्हाडी निसटली तर हसू नकोस, तू काही विलायतेत जन्मला नाहीस.

तर मोठी बातमी अशी की तुझा तो जर्मन नट आपल्या अनसिंगला येऊन गेला! खोल डोळ्यांचा, गालफडं बसलेला, ज्याचं नाव तुलाही धड म्हणता येत नाही आणि ज्याच्यापायी तू पत्रामागून पत्रं खर्ची घातलीस, तोच. परदेशी चित्रांच्या वखारीत कारकुनी करतोस म्हणून तुला त्याची सगळी चित्रं फुकट दिसतात आणि मी इथे तुझ्या वर्णनावर भूक भागवतो, असं आजवर चाललं होतं. पण वाशीमच्या रहमतुल्लानं कापसाचा धंदा सोडून बायस्कोपचं जुनं यंत्र घेतलं, तंबू घेतला आणि कुठूनशी एका जर्मन चित्राची पेटी स्वस्तात उचलून बाजाराच्या मैदानात खेळ लावला. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलो. काय सांगू गड्या! तू लिहिलं होतंस त्याच्या दसपट. आपल्याकडचे नट तलवार उपसल्याशिवाय रागावत नाहीत आणि छाती बडवल्याशिवाय रडत नाहीत. हा बाबा नुसता उभा राहतो. पापणी हलवत नाही. आणि तंबूतल्या प्रत्येकाला वाटतं की हा माझ्याकडेच बघतो आहे. माझ्या शेजारचे बबनराव, ज्यांना वाघाचीही भीती वाटली नव्हती, ते धोतराचा सोगा तोंडात धरून बसले होते.

चित्र तू पाहिलं असशीलच, तरी खूण पटावी म्हणून सांगतो. बर्फानं भरलेलं एक गाव. (आपल्या लोकांना तो सरकी काढलेला कापूस वाटला आणि एवढा माल रस्त्यावर कोण टाकतो म्हणून मागून शिव्या सुरू झाल्या.) लढाईवर गेलेली माणसं परत येण्याची वाट बघणाऱ्या बाया. त्या गावात हा काळ्या कोटाचा माणूस येतो. ज्या खिडकीतून आत बघेल त्या घरातला दिवा विझतो. शेवटी एका घरापाशी येतो. आत एक बाई नवऱ्याची वाट बघत बसली आहे. हा दारापाशी उभा राहतो, ठोकायला हात वर करतो, आणि तिथेच रीळ संपतं. पुढचं रीळ लावलं तर त्यात एक जाडा गोरा माणूस पाण्याच्या पिंपात पडला! पेटीत शेवटचं रीळ दुसऱ्याच कुठल्या चित्राचं निघालं. लोक पोट धरून हसले, पण घरी जाताना कोणी हसत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रहमतुल्लानं ते पिंप काढून टाकलं आणि वर केलेल्या हातावरच खेळ संपवू लागला. चित्र समजावून सांगायला त्यानं ठेवलेला हबीब रोज वेगळा शेवट तोंडी लावायचा. एक दिवस तो बाईचा नवरा, एक दिवस यमदूत, एक दिवस सावकाराचा वसुलीचा माणूस. त्यामुळे कोणाचाच कशावर विश्वास बसला नाही.

आता बायकांकडचं ऐक, सगळा घोटाळा तिथला आहे. तंबूत मधोमध पांढरा पडदा, पुढे पुरुष, मागे बायका. पाणी मारून पडदा ओला ठेवला की उजेड आरपार जातो आणि मागूनही चित्र दिसतं. आमची कस्तुरा तिच्या आईबरोबर मागे बसली होती. (सासूबाई, गोजराबाई, मुद्दाम कामरगावहून आल्या होत्या. लेकीला पाचवा महिना आहे. हो, पहिलंच. अभिनंदन नंतर कर.) दवंडीवाल्यानं ‘कथा’ असा शब्द वापरला होता, म्हणून गोजराबाईंनी रीतीप्रमाणे सगळ्या बायांच्या मुठीत ज्वारीचे दाणे दिले. कहाणी ऐकायची तर हातात दाणे हवेत आणि कहाणी पुरी झाली की ते देवापुढे ठेवायचे. आता चित्रच पुरं होईना तर दाणे ठेवणार कुठे? बाया मुठी आवळून घरी गेल्या. काहींनी अंगणात कोंबड्यांना टाकून दिले. आमच्या कस्तुरेनं नाही टाकले. तिनं पदराला गाठ मारली.

त्या पहिल्या रात्री खेळ सुटल्यावर मी रहमतुल्लाला पडदा गुंडाळायला हात दिला. (त्यावर नुकताच तो उभा होता, हात लावल्याशिवाय राहवेना. थंडगार होता आणि आमच्या विहिरीचं पाणी मारलेलं असून वास मात्र आमच्या पाण्याचा नव्हता.) अंगावर तू मागच्या दिवाळीला पाठवलेला काळा लांब कोट होता. म्हणजे या प्रकरणात तूही सामील आहेस, हे लक्षात ठेव. तुझी पत्रं वाचून मी महिनाभर आरशापुढे पापणी न हलवता बघायचा सराव केला होता, तोही हाताशी होता. घरापाशी आलो तर दार लोटलेलं. मनात आलं, कस्तुरेची जरा गंमत करू. आपल्या गावात दार कोणी वाजवतं का? बाहेरूनच ‘अवो, आहा का घरात’ म्हणून हाळी देतो आपण. मी हाळी दिली नाही. डोळे ताणले, हात वर केला आणि ठोकलं.

आत भांडं पडलं. फटीत तिचा डोळा दिसला. मी हसणार होतो. शप्पथ सांगतो जगदेव, मी हसणार होतो, पण तोंड हललं नाही. सरावच इतका झाला होता. दार उघडलं. सासूबाई मागच्या खोलीत निजल्या होत्या. तिनं पाणी दिलं, ताट वाढलं, आणि सबंध वेळ पदर नाकापर्यंत ओढून एखाद्या परक्या पाहुण्यापुढे उभं राहावं तशी भिंतीशी उभी राहिली. मी म्हटलं, अगं मीच आहे. ती म्हणाली, ‘जेवा.’ मी कंदिलाकडे बघितलं आणि कंदील विझला. तेल संपलं होतं. संपलंच असणार. सकाळी ती आईबरोबर कामरगावला निघून गेली. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, म्हणून गावात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पण जाताना तिनं शेजारच्या रंगूबाईला हळूच सांगितलं, ‘हे आमचे न्हाईत.’

मी आठवडाभर वाट पाहिली आणि कामरगावला गेलो. ओसरीवर सासूबाई. कस्तुरा आतल्या दाराआड, तिची फक्त बांगडी दिसत होती. सासूबाईंनी खटला चालवला. मुद्दा असा निघाला की चित्रातल्या माणसानं डावा हात वर केला होता आणि मीही डावाच वर केला. मी म्हटलं, चित्रातल्याचा डावा कसा? उजवा! मी पुढून पाहिलं आहे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एक पातळ फडकं धरून त्यांना समजावलं की मागून बघितलं की उजव्याचं डावं दिसतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हंजे तिकडून पाह्यलं तं एक, अन् इकडून पाह्यलं तं दुसराच. असंच ना? मंग आमच्या पोरीच्या दाराशी इकडला आला.’

मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, बाई, मी जन्माचा डावखुरा. बापानं हात बांधून ठेवला तरी सुटला नाही. डाव्या हातानं दार वाजवलं यात नवल काय? त्या म्हणाल्या, ‘मंग दोर वळून दाखवा.’ तुला आठवतं ना, माझ्या दोराचा पीळ सगळ्या गावाच्या उलट असायचा, आणि दुसऱ्या कोणी माझा दोर हातात घेतला की तो उकलायला लागायचा? तू तर मला उलट्या पिळाचा पुंज्या म्हणून चिडवायचास. कामरगावातही ते सगळ्यांना माहीत होतं, कारण लग्नात मांडवाला माझेच दोर होते. त्यांनी अंबाडीचे धागे पुढे टाकले. मी आनंदानं बसलो आणि वीतभर दोर भराभरा वळून त्यांच्या हाती दिला.

त्यांनी तो उजेडात धरला. मग सासऱ्यांच्या हाती दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला आणि गुपचूप खाली ठेवला. मी वाकून बघितलं. पीळ सरळ होता, चारचौघांसारखा.

आत बांगडी वाजली आणि दार लागलं.

घाबरलेल्या माणसाचा हात इकडे तिकडे होतोच, असं मी वाटभर स्वतःला सांगत आलो. घरी येऊन पुन्हा वळला. सरळ. डोळे मिटून वळला. सरळ. गोठ्यातला माझाच जुना दोर घेऊन नव्याला जोडायला गेलो, तर दोघं एकमेकांना उकलायला लागले. आणि मग म्हशीचं कोडं सुटलं. दार ठोकलं त्या दिवसापासून ती मला धार काढू देत नव्हती, लाथ झाडायची. मला वाटलं, तिला कोटाचा वास आवडत नसेल. तसं नव्हतं रे. मी रोज तिच्या दुसऱ्याच अंगाला बसत होतो आणि माझं मला कळत नव्हतं.

असो. तुला हसवायला लिहायला बसलो आणि कुठे वाहवत गेलो. यातलं निम्मं अर्धपोटी राहून सुचलेलं आहे, म्हणजे माझ्या स्वतःच्या हातच्या भाकरीवर. मनाला लावून घेऊ नकोस. पत्राचं खरं कारण एवढंच की त्या नटाचा एखादा फोटो वखारीत पडला असेल तर पाठव. भिंतीला लावीन. आणि पुढच्या पत्रात त्या स्वीडनच्या चित्राचं सविस्तर लिही, ते समुद्राचं.

घरी वडीलधाऱ्यांना दंडवत, पोरांना आशीर्वाद, आणि तुला माझ्या कोणत्या का होईना हाताचा नमस्कार.

तुझा बालमित्र
पुंजाजी

ता. क. : फोटो नको. इथे त्याची आणखी भर नको. त्याऐवजी एक काम कर. त्या चित्राचं शेवटचं रीळ तुमच्या वखारीत असेल. ते बघ आणि काय होतं ते लिहून पाठव. गोजराबाईंचा निरोप आहे की कहाणी पुरी झाल्याशिवाय कस्तुरा दाणे ठेवणार नाही, आणि दाणे ठेवल्याशिवाय अनसिंगला येणार नाही. मूल झालं तरी येणार नाही. तुझं पत्र त्यांच्या ओसरीवर मोठ्यानं वाचून घेतलं जाईल.

आणखी ता. क. : रीळ सापडलं नाही तर मनानं लिही. पण एकच शेवट लिही, हबीबसारखे तीन नकोत. तो माणूस दारातून मागे फिरला, बर्फात चालत लांब निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही, असं लिहिलंस की बाया खूश होतील. त्यात सोबतीला एक ओळ घाल की पुंजाजी पहिल्यापासून डावखुरा होता, हे मी शपथेवर सांगतो. तू माझ्यासोबत वाढलास, तुझं ऐकतील. आणि मलाही तुझ्याकडून ऐकायचं आहे.

शेवटचं : पाकीट चिटकवलं होतं, फोडलं. जगदेव, लेका, तो निघून गेला असं लिहू नको. मी रातभर इचार केला. तो गेला असं त्या ओसरीवर वाचलं, अन् माह्यावर जायची पाळी आली, तं मी कुठं जाऊ? मले दुसरं गाव न्हाई. तिनं दार उघडलं, त्याले आत घेतलं, पाट मांडला, भाकर वाढली, अन् मंग मुठीतले दाणे देवापुढं ठेवले, असं लिही. तो कोण होता ते न्हाई लिहिलं तरी चालते.