पट्टी बाबांच्या हातात दे

रोहित,

मी अमरावतीले ड्युटीवर चालली. तुह्या सायकलीचं समोरचं चाक बसून नाही राहिलं. काल बाबांनी ते काढून पुसलं अन् चाक नसतानाच डिस्क ब्रेक दाबला, म्हणून दोन्ही पॅड एकमेकाले चिकटले अन् चाकाची चकती त्यायच्या मधात जात नाही. मोडलं काहीच नाही. मधात प्लास्टिकची पट्टी घालून हळूहळू मागं सरकवले की झालं.

मीच करणार होती, पण थांबली. संत्र्याची बाग तोडावी लागल्यापासून बाबा कशालेच हात लावत नव्हते. काल लावला, अन् हे झालं. "माह्या हातानं सारं बिघडतेच," म्हणाले अन् न जेवता झोपले.

तू रागावू नको, अन् एकटा दुरुस्तही करू नको. सायकल तू धर, पट्टी त्यायले चालवू दे.

— रागिणीताई