मंगलाबाईची लेक

नागपूर

प्रिय दामिनी,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून घाबरू नको, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर तू "हाव ताई, हाव ताई" करून मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, हे गोड पत्र नाही. मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, मी नऊ वर्षांची होते तेव्हापासूनचा.

तुझी माय तुला जन्म देऊन गेली आणि आईनं तुला लुगड्यात गुंडाळून घरी आणलं. मला वाटलं, दोन-चार दिवसांची पाहुणी असेल. तू गेलीच नाहीस! आईच्या कुशीतली माझी जागा गेली ती गेलीच. पुढे मी शिकायला नागपूरला, लग्न करून नागपूरलाच; आणि तू तिची सुईणीची पिशवी धरून गावभर. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव बुडालं, आपण नव्या वसाहतीत आलो, तरी तुमची जोडी तशीच. मी सुटीत यायची तर दारातच कोणीतरी सांगायचं, "मायलेकी बाळंतपणाला गेल्या." मायलेकी! मग मी कोण होते, शेजारीण?

आईची इर्जिक तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. धानाच्या रोवणीला बाया जशा एकमेकींच्या बांधीत पाळीपाळीनं राबतात, तसंच तिनं बाळंतपणाचं करून टाकलं होतं. पैसा नाही, साडी-चोळी नाही. जिची सुटका केली, तिनं पुढे दुसरीच्या वेळी उभं राहायचं, तिची पोरं सांभाळायची, दवाखान्यात सोबत जायचं. कोणी जातीवरून नाक मुरडलं तर आई म्हणायची, "काहून वो, तुह्या वेळेस मी जात पुसली होती का?" तिला जाऊन चार वर्षं झाली तरी बाया ते पाळतात. सगळे तिला देवमाणूस म्हणतात, आणि मला आठवतो तो एकच दिवस. माझ्या प्रतीक्षाच्या जन्माच्या वेळी मी नागपूरच्या दवाखान्यात दाराकडे डोळे लावून पडले होते आणि आई आली नाही. त्याच दिवशी तुझी अपेक्षा पोटात आडवी होती, आई तुझ्यापाशी थांबली. तुझा जीव धोक्यात होता, माझ्याजवळ डॉक्टर होते. कळत होतं गं मला. पण कळलं म्हणून जळणं थांबत नाही.

गेल्या महिन्यात वसाहतीतल्या पोरांनी पत्रिकेचा मजकूर मला वाचायला पाठवला. दिवस भरत आलेल्या बायांना राहायला आईच्या नावानं खोली बांधली, तिच्या उद्घाटनाची पत्रिका. खाली ठळक अक्षरात, 'हस्ते: मंगलाबाईंच्या कन्या दामिनीताई'. पोरांना तरी काय बोलू! त्यातल्या निम्म्यांना तुम्ही दोघींनीच जगात आणलं, मंगलाबाईला आणखी एक लेक आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी दोन दिवस धड जेवले नाही. नवरा म्हणाला, पन्नाशी उलटली, आता तरी लाज वाटू दे. नाही वाटली.

परवा खोली पाहायला गेले होते, तू भंडाऱ्याच्या दवाखान्यात ड्युटीवर होतीस. ऐन रोवणी, घरोघर कुलपं. चंद्रभागाबाईच्या ओसरीवर चहा पीत बसले होते, तर तेजरामची बायको नातवाला कडेवर घेऊन धापा टाकत आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्याच्या गाडीला फोन केला होता. विचारते कशी, "मंगलाबाईची लेक कुठं हाय?" मी समोर बसलेली! चंद्रभागाबाई म्हणाली, "ते भंडाऱ्याले हाय ना." मग माझ्याकडे वळून, "तू त रिकामीच बसून राहिली. जा, बस गाडीत." तिचे गुडघे गेलेले, तेजरामच्या बायकोच्या कडेवर पोर, बाकी सगळ्या बांधीत. काय करणार, बसले. त्या पोरीनं माझा हात असा आवळला की दोन बांगड्या फुटल्या. दवाखान्यात पोहोचून अर्ध्या तासात मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत.

आता जे सांगायला हे लिहितेय ते. छापून आलेल्या पत्रिकेत तुझं नाव नाही, माझं आहे. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, प्रेसवाल्यानं घोळ केला असेल. घोळ कसला! मीच पोरांना फोन करून तुझं नाव काढायला लावलं, वर सांगितलं की दामिनीला विचारलंय. आणि तू काय म्हणालीस, "बरं झालं ताई, मान तुझाच हाय," आणि उद्घाटनाच्या रविवारची ड्युटी मागून घेतलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. ती ड्युटी बदलून घे. पोरांना मी सगळं खरं सांगितलंय, खोली तूच उघडायची. आणि ऐक, गाडीत कळ ओसरली की ती पोरगी विचारत होती, तुम्ही मंगलाबाईच्या कोण? हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी जन्मभर थांबले होते. उत्तर अगदी ओठांवर होतं. पण तिच्या डोळ्यांतली भीती पाहिली आणि म्हणाले, मी दामिनीची बहीण. तेव्हा कुठं तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

तुझीच,
हर्षाताई