सतरा नंबरचा बिल्ला

पहूर,
९ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
मोतीलालचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच रचतेस, म्हणून लिहितो. आपल्या दिपमालाने मला न विचारता नोकरी धरली. कुठे, तर विदर्भात मी सव्वीस वर्षं जिथे कोळसा काढला त्याच खाणीत! बंद पडलेल्या खाणीला आता तिकीट लावलंय, आणि माझी नात हेल्मेटवर दिवा लावून पाहुण्यांना आत फिरवते.

अक्का, घरातलं कुणी पुन्हा त्या अंधारात उतरू नये म्हणून तर मी मुलांना शिकवलं. काळजीने मला घास जात नाही. संक्रांत झाली की जाऊन तिला घरी घेऊन येतो. तू मध्ये पडू नको.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुझा धाकटा,
मोतीलाल

धुळे,
१३ जानेवारी

चि. मोतीलालास अनेक आशीर्वाद.

मध्ये पडणार नाही, पण बोलणार. सत्तरी ओलांडलीस तरी नाकावरचा राग काही गेला नाही. पोर गुणी शे, तिला चारचौघांत हात धरून ओढू नको. इतरांसारखं तिकीट काढ, ती काय सांगते ते गुमान ऐक, मग तुझं सांग. सोबत दशम्या ने, बाहेरचं तुला सोसत नाही. मफलर विसरशील.

म्हातारीवर लोभ असू दे.
तुझी अक्का,
कोकिळा

पहूर,
२४ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. मफलर नाकापर्यंत ओढून तिकीट काढलं. दारात प्रत्येकाला नंबरचा बिल्ला देतात, वर आल्यावर तो फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा. आमची हजेरी अशीच असे. मला सतरा नंबर मिळाला. मी सगळ्यांच्या मागे राहिलो. पोरीचा आवाज काय खणखणीत, अगदी तुझ्यावर गेलाय! आम्ही बसून भाकरी खायचो ती जागा आली आणि माझे पाय अडले. जरा टेकलो. लोक पुढे निघून गेले तरी उठवेना.

वर एक खिळा रिकामा राहिला. तशी दिपमाला सगळ्यांना चहाला बसवून पुन्हा खाली उतरली, वाटभर सतरा नंबरला हाका मारत. मला ओळखलं नाहीच. घरी कुणी वाट बघत असेल याचं भान नाही का, म्हणून असं झापलं की मी मफलर खाली करायचाच विसरलो. केला, तेव्हा आधी रडली आणि मग पुन्हा पहिल्यापासून रागावली.

अक्का, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आमच्या पाळीत एकदा असाच एक बिल्ला कमी भरला होता. परत आत जायला कुणी पुढे झालं नाही. मीही नाही. तो माणूस उशिराने आपल्या पायांनी वर आला, पण आमच्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

घरी चल म्हणायला मला तोंडच उरलं नाही. तिच्या हेल्मेटचा पट्टा नीट आवळून दिला आणि एकटाच परत आलो.

रागावली नसशील तर दोन ओळी लिही.
तुझाच,
मोती