मागच्या खोलीतला पॉइंट

सोमवार, ३ नोव्हेंबर

लॅपटॉप घे, लॅपटॉप घे, लॅपटॉप घे! आज आई, सोनूआत्या आणि अल्पेशदादा, तिघांनीही तेच ऐकवलं. मला त्यावर करायचंय काय, हे एकानेही विचारलं नाही.

मला फिल्म करायचीय. चार मिनिटांची, हाताने काढलेल्या चित्रांची. रेवदंड्याच्या बंदरात बोट लागल्यापासून बोंबील बांबूंच्या वलांडीवर वाळत जाईपर्यंतची एक सकाळ. आणि त्यातली माणसं आमच्याच बोलीत बोलणार. एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. दादाचा जुना लॅपटॉप थोड्याच चित्रांत तापतो, पंखा बोटीच्या इंजिनासारखा ओरडतो, आणि सगळं गोठतं. स्क्रीन एवढीशी. त्यावर मी खाडीच्या पाण्याला दिलेला राखाडी रंग अलिबागला छापून आणला, तर निळाशार आला. निळाशार! आमची खाडी?

डेस्कटॉपला मोठी स्क्रीन. रंग खरे. तेवढ्याच पैशात ताकद जास्त. आणि ह्या खाऱ्या हवेत एखादा भाग गंजला तर तेवढाच बदलायचा. हे सगळं मी नीट समजावून सांगितलं. आत्या सुका जवळा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गो, पण एवढा मोठा पेटारा वरातीत न्हेशील कसा?"

सगळे हसले. आईसुद्धा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पैसे माझे आहेत. पुण्याच्या एका प्रकाशनासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून साठवलेले. त्यामुळे पैशांवरून कोणी बोलू शकत नाही. भांडण आहे जागेचं!

घरामागे नवी खोली बांधतोय. भिंती उभ्या राहिल्या, प्लास्टर बाकी आहे. आज वायरमन सुजित विचारायला आला, पॉइंट कुठे कुठे हवेत. दादा खडू घेऊन खोलीभर फिरला. इथे पंखा. इथे टीव्ही. इथे एसी — पुढेमागे घेऊ म्हणे! मी खिडकीजवळचा कोपरा दाखवला. म्हटलं, इथे कॉम्प्युटरचा बोर्ड. तर म्हणाला, तिथे कपाट येणार.

कोणाचं कपाट?

"तुझ्या वहिनीचं."

कोण वहिनी? हा न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातून सुट्टी मिळेल तेव्हा घरी येतो, झोपतो आणि जातो. अजून कुठे मुलगी बघायलाही गेलेला नाही. त्याच्या न झालेल्या बायकोच्या न घेतलेल्या कपाटाला कोपरा आहे. मी जन्मापासून ह्या घरात आहे, मला नाही. कारण मी जाणार! कुठे जाणार, कधी जाणार, कोणाला माहीत नाही. पण जाणार. म्हणून माझी वस्तूसुद्धा पिशवीत मावणारी हवी. मी घरातली मुलगी आहे की फलाटावरचं सामान?

माझ्या पदवीला मात्र जागा मिळाली. पुढच्या खोलीत, दारासमोर, काचेत. घरातली पहिली पदवीधर! आल्यागेल्याला दाखवतात. कागदाला खिळा मिळाला, मला टेबल नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दादा म्हणतो मी हल्ली चिडकी झालेय. व्हय, झालेय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अलिबागला जाऊन दुकानात विचारून आले. दुकानदाराने पहिला प्रश्न काय विचारला? काम काय करता? नाही. किती चित्रं, कुठलं सॉफ्टवेअर? नाही. "लग्न ठरलंय का?" मग स्वतःच म्हणाला, मुलींना लॅपटॉपच बरा पडतो.

बरा पडतो!! पाठीला? डोळ्यांना? मी तिथेच सांगितलं, मला डेस्कटॉपचंच कोटेशन द्या. आवाज जरा चढलाच. बाजूला हेडफोन बघणारे दोघं माझ्याकडे बघायला लागले. बघू देत.

खरं सांगायचं तर लॅपटॉपच्या बाजूची एक गोष्ट मला मान्य आहे. वीज. काल दोनदा गेली. डेस्कटॉपला यूपीएस लागेल, नाहीतर दिवसभराचं काम एका झटक्यात जाईल. लागेल तर घेईन. आणि बंदरावर बसून काढायचं म्हटलं तर माझी वही आहे की. ती चार्जही करावी लागत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पुढच्या खोलीतही नवी वायर टाकायचीय म्हणून आज सामान हलवलं. आईचं शिलाई मशीन तेवढं हलता हलेना. लोखंडी पायांचं, पायडलचं. दादा आणि सुजित दोघांनी मिळून ते दाराच्या दुसऱ्या बाजूला नेलं. दादा धापा टाकत म्हणाला, आता हे भंगारात दे. आईने तिथेच स्टूल ओढलं आणि अर्धवट राहिलेला ब्लाउज शिवायला बसली.

संध्याकाळी बाबांची बोट लागली. ते जेवायला बसले तसं मी सगळं सांगून टाकलं. खोली, कोपरा, कपाट. घास तोंडात असताना सांगितलं, म्हणजे मधेच बोलता येणार नाही. जेवून हात धुतल्यावर म्हणाले, "सुजितला सांग, पोरीला पायजे तिथं पॉइंट मार."

एवढंच! दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी लगेच खडू घेतला आणि टेबलाच्या उंचीवर चौकोन काढला. चार सॉकेट. खाली नाव लिहिलं — प्राप्ती.

रविवार, १६ नोव्हेंबर

पुसलं!! ओल्या फडक्याने, घासून पुसलंय. विटांवर ओल अजून दिसत होती.

मी दादाला धरलं. इतका हलकटपणा? बहिणीला एक कोपरा मिळाला तर एवढं दुखलं? तो म्हणाला, त्याने हातही लावला नाही. शपथा घ्यायला लागला. मी ऐकून घेतलं नाही. घरात दुसरं कोण आहे असं करणारं? बाबांनी तर स्वतः सांगितलेलं. आई मशीनवर होती, तिने पायडल एकदासुद्धा थांबवलं नाही. निदान तिने तरी माझ्या बाजूने एक शब्द बोलायचा!

दुपारी बाबांच्या सामानातून बोटीवर नंबर लिहायचा ऑइलपेंट आणला. लाल. त्याच रंगाने चौकोन काढला. नाव पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा मोठं.

आता पुसा म्हणावं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दादा फोन उचलत नाही. नको तर नको.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सुजितने भिंत कापून पाइप टाकला, बोर्डाचा डबा बसवला. माझ्या चौकोनात! मी किती वेळ बघत उभी होते. भिंतीतल्या एका भोकाचा एवढा आनंद होतो?

आई मागे येऊन उभी राहिली. विचारलं, तो कॉम्प्युटर जड असतो काय गो? मी फटकन म्हटलं, तुला कशाला? तो उचलायचा नाहीये, इथेच राहणार आहे. ती परत मशीनवर जाऊन बसली.

रविवार, २३ नोव्हेंबर

डेस्कटॉप आणायला निघाले तर आई रिक्षात येऊन बसली. चौल मागे पडल्यावर म्हणाली, "खडू मी पुसला."

मी दोन वर्षांची असताना ती मला कडेवर घेऊन श्रीवर्धनला माहेरी निघून गेली होती. परत न येण्यासाठी. का, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. थोड्याच दिवसांत परत का आली, ते सांगितलं.

"मशीन इथं रायलं ना. ते डोक्यावर घेऊन एस्टीत चढता येत नाय. आनि शिवणाबिगर भावाच्या घरात किती दिस जेवायचं?" मग बाहेर बघत, "सासर असू दे नायतर आमचं घर. उठून निघायचं झालं तर तुझं काम तुला उचलता आलं पायजे, बाय."

अलिबाग येईपर्यंत मी डेस्कटॉपचं कोटेशन उघडत-मिटत राहिले.

दुकानात तिने लॅपटॉप मागून घेतला. एका हाताने उचलला. दुसरा हात कमरेशी धरला होता, कडेवर मूल असल्यासारखा. मी म्हटलं, हाच द्या. मोठी स्क्रीन नंतर कोपऱ्यातल्या बोर्डावर लावीन. ती मागे राहिली तरी चालेल.

दुकानदार हसला. "लग्न ठरलं वाटतं?"

"नाय," आई म्हणाली, आणि लॅपटॉप माझ्या हातात दिला.