ओहोटीच्या वाळूत बाबा

प्रिय ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण वाचलंस तर "आत्ताच्या आत्ता परत फिरा" म्हणशील. आई गेल्यापासून बाबांनी धोशाच लावला होता, म्हणून तिच्या मनातली सहल आम्ही दोघं या घरगाडीतून करतो आहोत. गाडी लावलीय त्या या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र दिसेनासा होतो आणि भरती आली की माणसाला पळू देत नाही.

आज सकाळी चहा टाकून मागे वळले, तर बाबा गाडीत नव्हते. पार लांब, ओल्या वाळूतून चालले होते. मी धावत त्यांना गाठलं, तेव्हा आमच्या मागे, काठाच्या बाजूच्या चरात पाणी शिरायला लागलं होतं.

"तुझी आई पुढे गेलीये," ते म्हणाले.

ओढलं तरी हलेनात. शेवटी मी म्हटलं, "आई गाडीत आहे बाबा, चहा निवतोय." ते लगेच वळले. गुडघाभर पाण्यातून आम्ही कसेबसे काठाला लागलो.

गाडीत शिरताच त्यांनी विचारलं, "कुठंय ती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला शोधायला गेली."

आता पाणी गाडीपुढच्या बांधाला लागलंय. दाराला मी कुलूप घातलंय आणि बाबा ते सारखं हलवताहेत. आणि ताई, मघापासून मीसुद्धा खिडकीतून तिचीच वाट बघते आहे.

तुझी,
धाकटी